पी-३६५ : साधं घ्यावं की भारीतलं? अमेरिकेत पहिलं पिस्तूल घेणाऱ्यांसाठी

अमेरिकेतल्या बंदुकांच्या दुकानात काउंटरच्या काचेखाली एकाच नावाची तीन पिस्तुलं शेजारीशेजारी मांडलेली असतात. पहिल्यावर पाचशे-साडेपाचशे डॉलरची चिठ्ठी, दुसऱ्यावर साडेसातशेच्या आसपासची, तिसऱ्यावर हजाराच्या बरीच वरची. तिन्हींवर नाव तेच : सिग सावर कंपनीचं पी-३६५. दुकानदार बहुधा मधल्याकडे बोट दाखवतो, यूट्यूबवरचा परीक्षक तिसऱ्याकडे, आणि पहिल्यांदा पिस्तूल घेणारा माणूस ‘जास्त पैसे म्हणजे जास्त सुरक्षित’ असं गृहीत धरून कार्ड पुढे करतो. हे गृहीतक या पिस्तुलाच्या बाबतीत तरी खरं नाही. जास्तीचे पैसे नेमके कशाचे, आणि त्यातले कोणते तुमच्या कामाचे, हे ठरवायला खालच्या पायऱ्या आहेत. क्रम मोडू नका. पहिल्या पायरीवरच अडलात, तर पुढचं वाचायची गरजही उरत नाही.

पायरी १ : तुम्हाला घेता येतं का?

आपल्या लोकांच्या बाबतीत हा प्रश्न सगळ्यात आधी येतो. ग्रीन कार्ड असेल किंवा नागरिकत्व मिळालं असेल, तर संघराज्याच्या कायद्याची आडकाठी नाही. एच-१बी, एच-४, एल-१, एफ-१ अशा व्हिसावर असाल तर मात्र बंदूक किंवा काडतूस बाळगणं हाच गुन्हा आहे. या नियमाला मोजके अपवाद आहेत. त्यातला नेहमी ऐकू येणारा म्हणजे अमेरिकेतल्या राज्याचा वैध शिकारीचा परवाना. ‘ऑफिसमधल्या एकानं तसंच केलं’ एवढ्यावर विसंबून हा मार्ग धरू नका. आधी इमिग्रेशन वकिलाला विचारा. बंदुकीच्या गुन्ह्यावरून माणसाला देशाबाहेर काढता येतं, आणि त्यापुढे वकिलाची फी काहीच नाही.

परवानाधारक दुकानातून पिस्तूल घ्यायला वय किमान २१ लागतं, आणि घेता येतं ते तुम्ही राहता त्याच राज्यात. दुकानात फॉर्म ४४७३ भरावा लागतो. नागरिकत्वाच्या रकान्यात घाईघाईनं चुकीची खूण करू नका. नागरिक नसताना नागरिक म्हणून सांगणं हे ग्रीन कार्डवाल्यासाठी फार महागात पडणारं खोटं आहे. ग्रीन कार्डावरचा ए-नंबर बरोबर ठेवा, तो विचारतात. आणखी एक : मित्राला व्हिसामुळे घेता येत नाही म्हणून त्याच्या पैशानं आपल्या नावावर घेणं ही मैत्री नव्हे, सरळ गुन्हा आहे.

पायरी २ : तुमचं राज्य काय म्हणतं?

टेक्सासमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून २१ वर्षांवरच्या, बंदूक बाळगायला पात्र असलेल्या माणसाला परवान्याशिवाय पिस्तूल जवळ ठेवता येतं. न्यू जर्सीत आधी पिस्तूल खरेदीचा वेगळा परवाना, मग जवळ बाळगण्याचा वेगळा. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाच्या ब्रुएन निकालानंतर ‘खास कारण दाखवा’ ही अट गेली, पण प्रशिक्षण, अर्ज आणि वाट बघणं राहिलंच.

साधं की भारीतलं, या प्रश्नाशी राज्याचा थेट संबंध आहे तो मॅगझिनच्या, म्हणजे मुठीत सरकवायच्या काडतुसांच्या खोक्याच्या, क्षमतेमुळे. या कुटुंबातलं एक्स-मॅक्रो मिरवतं ते आपली १७ काडतुसं. पण न्यू जर्सी, न्यू यॉर्क, कॅलिफोर्निया, मॅसॅच्युसेट्स इथं मर्यादा १० ची. न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये राहणाऱ्यानं एक्स-मॅक्रोसाठी दोनशे डॉलर जास्त मोजले, तर त्यातला मोठा भाग त्याला वापरता न येणाऱ्या जागेसाठी गेला. मूठ लांब, लपवायला अवघड, आणि आत काडतुसं दहाच. साध्या पी-३६५ मध्ये मुळात दहाच मावतात, त्यामुळे तिथं ते आपसूक शहाणपणाचं ठरतं. कॅलिफोर्नियात तर दुकानात नवं पिस्तूल विकायला ते राज्याच्या मान्य यादीत असावं लागतं, म्हणून तिथं मॉडेल मनात ठरवण्याआधी ती यादी बघा.

पायरी ३ : कुटुंब समजून घ्या

साधं पी-३६५ जानेवारी २०१८ मध्ये आलं आणि खिशाएवढ्या पिस्तुलांचा बाजार त्यानं बदलून टाकला. तोवर एवढ्या बारीक पिस्तुलात सहा-सात काडतुसं मावत. इथं सुमारे एक इंच जाडीत दहा बसवली, वर नळीत एक. नळी ३.१ इंच, रिकाम्या मॅगझिनसह वजन १७.८ औंस, म्हणजे अर्धा किलो.

२०१९ मध्ये एक्सएल आलं : ३.७ इंच नळी, १२ काडतुसं, सपाट चाप, वर रेड डॉट (नेम धरायला लाल टिपका दाखवणारं उपकरण) बसवायला खाच. २०२२ मध्ये एक्स-मॅक्रो : १७ काडतुसं, मागची पट्टी लहान-मोठी करता येणारी मूठ, दिवा लावायला प्रमाणित रेल, आणि स्लाइडच्या, म्हणजे वरच्या मागे-पुढे सरकणाऱ्या भागाच्या, टोकाशीच उसळी कमी करणारा कॉम्पेन्सेटर. सगळ्यात वर एएक्सजी लीजन, ज्यात प्लॅस्टिकऐवजी ॲल्युमिनियमची मूठ, राखाडी लेप आणि कोरीव चाप.

दुकानदार सहसा सांगत नाही ती गोष्ट पुढे आहे. या सगळ्यांच्या पोटात चाप आणि त्यामागची यंत्रणा धरून ठेवणारा एक छोटा पोलादी सांगाडा असतो. अनुक्रमांक त्याच्यावर असतो, आणि कायद्याच्या नजरेत ‘बंदूक’ म्हणजे तोच. मूठ, स्लाइड, नळी हे सगळे त्याच्यावर चढवलेले कपडे. उद्या मोठी मूठ हवीशी वाटली तर प्लॅस्टिकची मूठ शंभर डॉलरच्या आत मिळते, आणि बहुतेक राज्यांत ती एखाद्या सुट्या भागासारखी विकत घेता येते. म्हणून ‘आत्ता भारी घेतलं नाही तर कायमचं अडकलो’ ही भीती इथं लागू नाही. बदलताना लांबी मात्र जुळवून बघा. एक्स-मॅक्रोच्या मुठीचा पुढचा भाग लांब स्लाइडसाठी घडवलेला आहे, त्यावर छोटी स्लाइड चढवली तर पुढे फट दिसते.

पायरी ४ : जास्तीचे पैसे कुठं जातात

मुठीपासून सुरू करतो, कारण माझ्या मते फरक पडतो तो तिथंच. साध्या पी-३६५ वर मध्यम हाताच्या पुरुषाची करंगळी मॅगझिनच्या तळाच्या टोकावर कशीबशी टेकते. एवढं हलकं पिस्तूल नऊ मिलिमीटरच्या काडतुसानं हाताला चांगलाच झटका देतं, आणि अर्धी मूठ हवेत असेल तर दर गोळीनंतर पकड सरकते. एक्सएल आणि एक्स-मॅक्रोवर चारही बोटं बसतात. ज्याचे हात मोठे आहेत त्याला एवढ्या एका कारणासाठी वरचं मॉडेल परवडतं. पण उलट बाजूही लक्षात घ्या. कपड्यांआड नळी कितीही लांब असली तरी लपते, कारण ती पँटच्या आत खाली जाते. बाहेर डोकावते ती मूठ. वाकलात की शर्टातून टोक दिसतं. म्हणजे नेमबाजीत जे सुख, तेच लपवताना दुखणं.

कॉम्पेन्सेटर ही दुसरी गोष्ट, आणि जाहिरातीत सर्वांत जास्त बोललं जातं ते हिच्याबद्दलच. गोळी नळीबाहेर पडताना मागून येणारा वायू स्लाइडच्या वरच्या खाचेतून आकाशाकडे सोडला जातो. त्यामुळे पिस्तुलाचं तोंड कमी उसळतं आणि दुसरी गोळी लवकर नेमावर येते. हे खरं आहे, हातात जाणवतं. पण एक्स-मॅक्रोची स्लाइड एक्सएलएवढी लांब दिसत असली, तरी त्याच्या आत नळी ३.१ इंचाचीच, कारण उरलेली जागा कॉम्पेन्सेटरनं घेतली. लांबी वाढली, गोळीचा वेग नाही. वर उडणारा वायू गरम असतो. पिस्तूल अंगाशी धरून चालवायची वेळ आली तर तो चेहऱ्याच्या दिशेनं येतो, अंधारात झळाळी डोळ्यांसमोर उडते, आणि नेमबाजीच्या बंद रेंजवर आवाज शेजाऱ्यालाही खुपतो. नवशिक्यानं आधी पकड घट्ट करायला शिकावं, असं माझं मत. कच्च्या पकडीची उसळी कॉम्पेन्सेटर थोडी झाकतो, सुधारत नाही.

रेड डॉटची खाच मात्र घ्यावी. आज डॉट नको असला तरी स्लाइडला खाच असलेलं मॉडेल घेतलं, तर पुढे कारागिराकडे स्लाइड कापायला पाठवावी लागत नाही. डॉट स्वतः साधारण दोनशे ते चारशे डॉलर. आपल्यात चष्मेवाले पुष्कळ, म्हणून सांगतो : डोळ्यात ॲस्टिग्मॅटिझम (चष्म्याच्या नंबरातला ‘सिलिंडर’) असेल तर तो टिपका गोल न दिसता चांदणीसारखा किंवा फुटलेल्या द्राक्षासारखा दिसतो. घेण्याआधी दुकानात डोळ्याला लावून बघा. चाळिशी लागलेल्यांना मात्र पुढची साइट, म्हणजे नळीच्या टोकाकडची नेम धरायची खूण, धूसर दिसू लागलेली असते, त्यांना डॉट वरदान ठरू शकतो.

सपाट चाप छान लागतो. त्यासाठी वेगळे पैसे मोजण्याइतका नाही.

ॲल्युमिनियमची मूठ दिसायला देखणी, हातात गार, झटका खाणारी. वजन वाढतं, आणि मुळात हे पिस्तूल हलकं म्हणून प्रसिद्ध झालं. थोडं गणित करा. नऊ मिलिमीटरचं एक काडतूस साधारण १२ ग्रॅमचं. साधं पी-३६५ दहा काडतुसांसह सव्वासहाशे ग्रॅमच्या आसपास, प्लॅस्टिक मुठीचं एक्स-मॅक्रो सतरासह आठशेच्या वर, आणि धातूची मूठ त्याहून पुढे. कमरेला आठ तास. घामाच्या दिवसांत, ऑस्टिन-ह्यूस्टनच्या ऑगस्टमध्ये, हा फरक पट्ट्याखालच्या कातडीला बरोबर कळतो. लीजन ज्यांना रेंजवर हजारो गोळ्या मारायच्या आहेत आणि सुंदर वस्तूची हौस आहे, त्यांनी घ्यावं. हौसेला माझी ना नाही, फक्त तिला सुरक्षेचं नाव देऊ नये.

विश्वासार्हता, स्वच्छतेची पद्धत, चापाच्या मागची यंत्रणा हे तिन्हींत जवळजवळ सारखंच. पिस्तूल उघडताना यांच्यातल्या कशालाही चाप ओढावा लागत नाही. काही पिस्तुलांत तो ओढावा लागतो, आणि नळीत गोळी राहिल्याचं विसरलेल्या माणसाच्या हातून तिथंच अपघात होतो. हा गुण पाचशेच्या मॉडेलमध्येही फुकट आहे. अंगठ्यानं चालणारी सेफ्टी असलेलं आणि नसलेलं, असे प्रकार मिळतात. हवी की नको ते दुकानात न ठरवता प्रशिक्षकासमोर ठरवा.

पायरी ५ : भाड्यानं घेऊन मारून बघा

बऱ्याच रेंजवर पिस्तुलं भाड्यानं मिळतात. साधं आणि एक्स-मॅक्रो एकाच दिवशी, एकाच डब्यातल्या काडतुसांनी मारा, नाहीतर तुलना खोटी. कानाला संरक्षण दुहेरी लावा, आत बोंडं आणि वर मफ.

रेंजवर पाय ठेवण्याआधी नेमबाजीचे प्रशिक्षक जेफ कूपर यांचे चार नियम पाठ हवेत : प्रत्येक बंदूक भरलेलीच समजा, जे नष्ट व्हायला नको त्यावर तोंड रोखू नका, नेम लागेपर्यंत बोट चापावर नको, लक्ष्य काय आणि त्याच्या मागे काय, हे ओळखा. परीक्षेसाठी नव्हे, हाताला सवय लागेपर्यंत.

मग सात यार्डांवर, सावकाश, पाच गोळ्या. कागदावरचा पुंजका केवढा झाला ते बघा. पुढे दोन-दोन गोळ्यांच्या जोड्या मारा. दुसरी गोळी कुठं गेली, यात कॉम्पेन्सेटरचा आणि मुठीचा फरक कळेल. मॅगझिन स्वतः भरून बघा. सतरावं काडतूस दाबताना अंगठा रडकुंडीला येतो, म्हणून मॅगझिन भरायचं साधन लोक पहिल्याच महिन्यात विकत घेतात. स्लाइड मागे ओढून बघा, दहादा. छोट्या पिस्तुलांची स्प्रिंग ताठ असते. मनगट किंवा बोटं दुखत असतील तर याच कुटुंबातलं २०२२ मध्ये आलेलं पी-३६५-३८० बघा. काडतूस सौम्य, स्लाइड हलकी. ‘बायकांचं पिस्तूल’ म्हणून ते दाखवणाऱ्या दुकानदाराकडे दुर्लक्ष करा आणि तुमच्या पत्नीला तिचं तिला निवडू द्या.

पायरी ६ : पूर्ण बिल मांडा

पिस्तुलाची किंमत हा बिलाचा निम्मा भागही नसतो. चापाभोवतीचा भाग पूर्ण झाकणारं कडक होल्स्टर (पिस्तुलाचं म्यान) साठ ते शंभर डॉलर. त्याला पेलणारा ताठ पट्टा वेगळा, नेहमीचा चामडी पट्टा वाकतो. (कुर्ता-पायजम्यावर पिस्तूल लपवायची नामी युक्ती विचारणारे भेटतात. नाडीला काही अडकवू नका, एवढंच उत्तर.) घरी झटपट उघडणारी पेटी. प्रशिक्षणाचा एक दिवस. आणि काडतुसं.

सरावाचं नऊ मिलिमीटरचं साधं काडतूस सध्या पाव डॉलरच्या थोडं पुढे-मागे मिळतं. साधं आणि लीजन यांच्या किमतीत सहाशे डॉलरचा फरक धरला, तर तेवढ्यात दोन हजारांहून अधिक गोळ्या येतात. नव्या माणसाच्या हातात दोन हजार गोळ्या आणि एक चांगला प्रशिक्षक जे बदल घडवतील, ते कुठलाही राखाडी लेप घडवणार नाही. माझी शिफारस म्हणूनच सरळ आहे : हात लहान किंवा मध्यम, आणि रोज जवळ बाळगायचं असेल तर खाच असलेलं साधं मॉडेल, हात मोठे असतील आणि राज्यात बंधन नसेल तर एक्सएल किंवा एक्स-मॅक्रो, लीजन पहिलं पिस्तूल म्हणून नको.

जवळ बाळगायची काडतुसं वेगळी, होलो-पॉइंट, म्हणजे टोकाला पोकळ गोळीची. ती महाग असतात, पण विकत घेऊन तशीच भरून ठेवू नका. आपल्या पिस्तुलातून किमान दोन मॅगझिन अडखळत नाहीत ना, ते बघा. न्यू जर्सीवाल्यांनी इथं थांबावं, तिथं होलो-पॉइंट घराबाहेर जवळ बाळगण्यावर निर्बंध आहेत.

पायरी ७ : घरात, मंडळात, विमानात

खरेदीच्या दिवशी पार्श्वभूमी तपासणी बहुधा काही मिनिटांत होते. कधी ‘डिलेड’ येतं, तेव्हा घाबरू नका, नावसाधर्म्यामुळेही येतं.

घरात मुलं असोत-नसोत, पिस्तूल कुलपात. टेक्सासमध्ये १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेली बंदूक लागेल अशी ठेवणं गुन्हा आहे, बऱ्याच राज्यांत नियम याहून कडक आहेत. भारतातून आई-बाबा सहा महिन्यांसाठी राहायला येतात, ते पर्यटक व्हिसावर. पेटीचा आकडा त्यांना सांगू नका, बायोमेट्रिक पेटीत त्यांचं बोट नोंदवू नका. पती-पत्नींपैकी एकाचाच दर्जा पात्र असेल तिथंही हेच. घरात कुणी नैराश्यातून जात असेल, तर पिस्तूल तेवढा काळ घराबाहेर, कायदेशीर ठिकाणी ठेवा किंवा घेऊच नका. अमेरिकेत बंदुकीनं होणाऱ्या मृत्यूंत निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात.

महाराष्ट्र मंडळाचे गणपती, दिवाळी, नाटकाचे प्रयोग बऱ्याचदा शाळेच्या सभागृहात होतात. शाळेची इमारत टेक्सासच्या मोकळ्या कायद्यातही निषिद्ध आहे. शिवाय शाळेपासून हजार फुटांच्या आत संघराज्याचा वेगळा कायदा लागतो, आणि त्यातली सूट मिळते ती त्या राज्याचा परवाना असणाऱ्याला. म्हणून परवाना सक्तीचा नसतानाही टेक्सासचा एलटीसी, म्हणजे पिस्तूल बाळगण्याचा परवाना, काढून ठेवावा. इतर काही राज्यांतही तो चालतो. आरतीच्या दिवशी मात्र पिस्तूल घरीच.

देशांतर्गत विमानात न्यायचं असेल तर रिकामं करून, कुलूपबंद कडक पेटीत, चेक-इन सामानात, आणि काउंटरवर सांगून. उतरणार आहात त्या राज्याचा कायदाही आधी वाचा. भारतात जाताना प्रश्नच नाही, न्यायचं नाही. पण पिस्तूल घरी राहतं आणि काडतूस बॅगेत जातं, असं होतं. रेंजला नेलेली पाठपिशवी पुढे मुंबईच्या प्रवासाला वापरली जाते, तळाच्या कप्प्यात एखादं काडतूस पडलेलं असतं, आणि परत येताना भारतातल्या विमानतळावर ते क्ष-किरण यंत्रात दिसतं. भारतात एका काडतुसासाठीही शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदवला जातो. ‘नकळत राहिलं’ हे न्यायालय पुढे मान्य करतंही, पण तोवर विमान सुटलेलं असतं. रेंजची पिशवी वेगळ्या रंगाची घ्या आणि ती प्रवासाला कधीच वापरू नका.